सरितानं कापलेली वायर

बेसा गावात कोणाच्या घरचं इंटरनेट गेलं की लोक सरिता मेश्रामला फोन लावतात. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, स्कूटीला बांधलेली शिडी, आणि बाई अर्ध्या तासात दारात हजर. पाच वर्षांत तिनं शेकडो घरांना कनेक्शन जोडून दिलं. तिच्या घरी मात्र ते नाही. होतं, तिनंच काढलं.

झालं असं. एका संध्याकाळी तिची सासू अंजनाबाई जेवताना आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होती. कुही गावाकडे वरात निघाली, नाल्याला पूर आला आणि नवरदेव बैलाचं शेपूट धरून पार झाला! सांगता सांगता म्हातारीला हसू आवरेना. तेवढ्यात सरिताचा नवरा नागसेन मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, त्या महिन्यात कुहीत पाऊसच नव्हता. इथं लिहून हाय."

अंजनाबाईनं ताट सरकवलं. दोन दिवस ती आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत एकटी जेवली.

तिसऱ्या दिवशी सरिता स्टुलावर चढली आणि कचकन वायर कापली. मोबाईलचे रिचार्जही नुसत्या बोलण्यापुरते ठेवले.

"काहून कापली वं?" नागसेन ओरडला.

"काही विचारायचं असन तर आता आईले विचारा!"

आठवडाभर नागसेन घरात हरवल्यासारखा फिरला. मग मजा सुरू झाली. कोणाचंच म्हणणं चटकन खोटं ठरेना, त्यामुळे वाद लांबू लागले. पालीला ऐकू येतं का, यावर तीन दिवस गेले. शेजारची दीपमाला भाजी निवडायला इथंच येऊन बसू लागली.

एका रविवारी नागसेन म्हणाला, "संत्रं पाण्यात बुडते."

"तरंगते!" अंजनाबाई कडाडली.

दीपमालानं बादली भरली. संत्रं तरंगलं. म्हातारीनं टाळ्या पिटल्या. नागसेननं चिडून तेच संत्रं सोललं आणि परत टाकलं. ते थेट तळाला गेलं!

"मी म्हटलं नव्हतं?" मायलेक एकदम ओरडले.

मग लिंबू, कांदा, बटाटा, जे हाताला लागेल ते बादलीत. त्या गोंधळात सरिता काम करते त्या इंटरनेट कंपनीचा मालक पिंटूभाऊ दारात उभा राहिला.

"सरिताताई, स्टाफले फुकट कनेक्शन देतो मी, अन् तुमच्याच घरी नाही? कस्टमर काय म्हणन?"

"पिंटू, ते राहू दे गा," अंजनाबाई म्हणाली. "वांगं बुडन का तरंगन?"

"बुडन," पिंटूभाऊ ठासून म्हणाला. "तर्री-पोह्याची पैज!"

वांगं तरंगलं.

"हे पोकळ हाय!" म्हणत तो खाली भाजीच्या गाडीवर धावला आणि किलोभर वांगी घेऊन आला. एकेक करून सगळी तरंगली. शेवटच्या वांग्याला त्यानं बोटानं खाली दाबलं, ते टुणकन वर आलं आणि सरिता हसता हसता ओल्या फरशीवर बसलीच.

पिंटूभाऊनं सगळ्यांना पोहे खाऊ घातले. कनेक्शनचं परत विचारायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.