मॉनिटरच्या कोपऱ्यातला डाग

या मॉनिटरची गोष्ट मी घरात, नातेवाइकांत अनेकदा सांगितली आहे, पण दरवेळी अर्धीच. उरलेली अर्धी फक्त बायकोला माहीत होती, आणि ती आता नाही. मी गप्प राहिलो तर माझी सोयीची अर्धीच खरी ठरेल. इतकी वर्षं टाळायला कारणं पुष्कळ होती. त्यातलं चांगलं एकही नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. मी विद्यापीठाच्या एका कार्यालयात कारकून होतो आणि घरी संगणकावर लोकांचे शोधप्रबंध टाइप करून द्यायचो. आमचा काळा-पांढरा मॉनिटर इतका अंधुक झाला होता की अनुस्वार दिसायचा बंद झाला. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याच पडद्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ हवा असे.

"बाबा, इसमें सड़क कुठली नि नाला कुठला, पता ही नहीं चलता," तो म्हणायचा.

"नाल्यात गेलास की कळतंच ना," मी म्हणायचो.

नवा काळा-पांढरा घेतला तर माझं काम भागत होतं, पण मुलगा रुसणार होता. नवा रंगीत झेपणारा नव्हता. उरला वापरलेला रंगीत, आणि वापरलेली वस्तू म्हटली की माझं डोकं फिरायचं.

हा संशय मला वडिलांकडून मिळाला. ठठेरी बाजारात पूजेची भांडी घेताना ते जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं एक वाटोळं चुंबक सोबत नेत. लोट्याला चिकटलं की समजायचं, आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. काही न बोलता उठायचं. त्यांच्यामागे ते चुंबक माझ्या बंडीच्या खिशात आलं. नळ, कडी, कुलूप, मी कशालाही लावून बघत असे. बायको खिसा शिवून शिवून कंटाळली होती.

मॉनिटर मी घेतला तो दुर्गाघाटावरच्या एका भिक्षुकांच्या मुलाकडून. तिशीचा असेल. वडिलांशी भांडून त्यानं पौरोहित्य सोडलं होतं आणि लहुराबीरजवळ संगणकाचं दुकान टाकलं होतं. "दोन वर्षांत पंचगंगा घाटावर माझ्या शेजारी भिक्षुकीला येऊन बसशील," असं वडील त्याला म्हणाले होते, आणि ते साऱ्या मराठी घरांना ठाऊक होतं. दुकान चालतं की बसतं, याकडे सगळ्यांचे डोळे होते.

त्यानं एका बंद पडलेल्या कचेरीतला चौदा इंची रंगीत मॉनिटर दाखवला. जोडाक्षरांनी भरलेलं पान पडद्यावर आणून म्हणाला, "काका, खेळ नंतर. आधी चारी कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. तासभर बसा, डोळे दुखतात का बघा." मग आपणहून सांगितलं, "उजेडाचं बटण ढिलं आहे, एवढी एक खोट आहे."

अक्षरं स्वच्छ होती. पण जो एक खोट आपणहून सांगतो तो दुसरी झाकतो, असं माझे वडील म्हणत. मी मागचे स्क्रू बघितले. त्यांवर पेचकसाचे ओरखडे होते. मनात नोंद केली, आणि तरीही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो मॉनिटर गल्ल्यांतून स्वतःच्या खांद्यावर आणला. घरात वीज नव्हती. "बत्ती आली की लावून बघा," म्हणून तो गेला. घरात मी एकटा होतो. वजन वाढवायला आत लोखंड तर भरलं नाही ना, म्हणून मी चुंबक काढलं आणि पेटीवरून, कडांवरून, काचेवरून सावकाश फिरवलं. काही सापडलं नाही.

वीज आल्यावर मुलानं मॉनिटर लावला. वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवा-जांभळा डाग होता.

"दाखवला एक, दिला दुसरा," मी म्हणालो. मला जवळजवळ आनंद झाला होता.

निरोप गेला, तो धावत आला. तेव्हा आमच्याकडे आपल्या लोकांच्या वाचनालयाचे दोघे वडीलधारे बसले होते. वाचनालयाला संगणक घ्यायचा होता, आणि ते काम त्यालाच मिळणार असं चाललं होतं. त्यानं पडदा बघितला आणि विचारलं, "काका, जवळ चुंबक वगैरे काही आलं होतं का?"

चुंबक माझ्या खिशात होतं. त्याचं वजन मला जाणवत होतं. डाग कशानं पडला, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं.

"नाही," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता, "माझं काय लोखंडाचं दुकान आहे?"

दोघांतले एक हसले. "दुर्गाघाटावरचे भिक्षुक पिंड तरी बदलत नाहीत. हे तर पेट्याच बदलतात."

तो वायरी सोडवून उठला. मॉनिटर खांद्यावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आणला तेव्हा डाग नव्हता, बटण मात्र तसंच ढिलं होतं. वायरचं एक वेटोळं पडद्यासमोर फिरवलं की असा डाग जातो, असं त्यानं सांगितलं. वाचनालयवाल्यांनी ऐकून ठरवलं, पकडला गेल्यावर त्यानं पेटी पुन्हा बदलली. मी त्यांना ढिल्या बटणाबद्दल सांगितलं नाही.

जाताना उंबऱ्यावर थांबून तो हळूच म्हणाला, "काका, चुंबक लांब ठेवत जा."

बायको आत कणीक मळत होती. तो गेल्यावर म्हणाली, "अहो, खिसा पुन्हा फाटलाय. आता मी शिवणार नाही."

वाचनालयाचं काम दुसऱ्याला गेलं. मराठी घरांतून त्याच्याकडे जाणं थांबलं. वर्षाच्या आत दुकान बंद झालं, आणि त्याचे वडील म्हणाले होते तसा तो पंचगंगा घाटावर त्यांच्या शेजारी येऊन बसला. तो मॉनिटर आमच्याकडे सहा वर्षं चालला. त्यावर मी किती प्रबंध टाइप केले, मुलानं किती शर्यती जिंकल्या. डाग पुन्हा कधी आला नाही.

मागल्या वर्षी बायकोचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी म्हणून तोच आला. केस पिकलेले, आवाज वडिलांसारखा. सगळं नीट, न घाई करता केलं. शेवटी काही चुकलं असेल तर क्षमा मागायची असते. तो एकेक शब्द सांगत गेला, मी हात जोडून त्याच्यामागून म्हणत गेलो. देवाची मागितली, पितरांची मागितली. संस्कृत संपलं. तो माझ्याकडे बघत थोडा थांबला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

मी म्हणालो, "गुरुजी, दक्षिणा."