गुडघ्याची नोंद

नव्वदच्या दशकात सिंगापूरमध्ये राहिलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना ही गोष्ट ऐकून माहीत असेल: नागपूरची एक मुलगी तिथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होती, आणि तिच्याच कॅप्टनने, जी तिची जिवलग मैत्रीण होती, परदेशी मुलींविरुद्धच्या एका नियमाला पाठिंबा देऊन तिला बाहेर काढलं. गणपतीत, वाढदिवसांना, कुणाच्या तरी कंडोच्या गच्चीवर ही गोष्ट माझ्यासमोर अनेकदा सांगितली गेली. मी तिथे बसलेला असायचो. मी ती एकदाही खोडली नाही.

ती गोष्ट खोटी आहे. खरं काय झालं ते माहीत असलेला माणूस मीच आहे, आणि आता माझं वय ब्याऐंशी आहे.

मी जहाजावरचा इंजिनियर. चीफ इंजिनियर होऊन बरीच वर्षं समुद्रावर काढली आणि मग सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी घेतली. ऑफिस अलेक्झांड्राच्या बाजूला, फ्लॅट मरीन परेडला. कॉलेजात असताना नागपूरला मी बास्केटबॉल खेळलो होतो, आणि त्याचा अभिमान मी गरजेपेक्षा जास्त बाळगला होता. विद्यापीठातल्या मुलींच्या संघाला कोच मिळत नव्हता. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, आणि मी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ लागलो.

संघात बहुतेक मुली तिथल्याच चिनी वंशाच्या, दोन मलेशियाहून शिकायला आलेल्या. मी इंग्रजीत ओरडायचो, चिडलो की मराठीत पुटपुटायचो. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्याच सरावात मी एका नव्या मुलीकडे बघून तोंडातल्या तोंडात म्हणालो, "पाय हलव ना, बाई."

"हलवून राहिले ना, काका!" उत्तर आलं.

मी शिट्टी वाजवायची विसरलो. नागपूरच्या धरमपेठेतून निघून इतकी वर्षं झाली होती, आणि ते 'हलवून राहिले' मला विषुववृत्ताजवळच्या एका जिममध्ये ऐकू आलं होतं.

ती इंजिनियरिंग शिकायला आली होती. हॉस्टेलमध्ये तिची खोली कॅप्टनबरोबर होती. कॅप्टन क्वीन्सटाउनची, बुटकी, चष्मा दोरीने डोक्याला बांधून खेळणारी. तिच्या आईवडिलांचा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, नूडल्सचा स्टॉल होता. दोघी रविवारी आमच्याकडे जेवायला यायच्या. माझी बायको थालीपीठ लावायची आणि कॅप्टन त्यावर चिली सॉस ओतायची.

"अगं, लोणी घे त्याच्यावर," बायको मराठीतच म्हणायची.

"नो नीड ला," असं काहीतरी म्हणायची ती आणि लोणीही घ्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्याने कुणाचंच काही अडलं नाही.

एका रविवारी नागपूरची एकटीच आली. बसस्टॉपवरून येताना लंगडत होती. बायकोने तिला जमिनीवर बसवलं, ओव्याचं तेल गरम केलं आणि डावा गुडघा चोळायला घेतला. शाळेत असताना पडली होती, तेव्हापासून अर्धा सामना झाला की तो सुजायचा. घट्ट पट्टा बांधून ती कुणाला कळू देत नव्हती.

"काकू, कोचला सांगू नका हं."

"अगं, कोच समोर बसलाय पेपर वाचत."

"आत्ता ते काका आहेत. कोच बुधवारी."

मी पेपर वर धरला आणि म्हणालो, "मी काहीच ऐकलं नाही." तिघंही हसलो. ते वचनच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तिचं तिसरं वर्ष संपलं तेव्हाच्या मोठ्या सुट्टीत, मे महिन्यात, विद्यापीठाने मुलींच्या संघासाठी पूर्णवेळ कोच नेमला. मला आनंदच झाला; ऑफिसचं काम वाढलं होतं. मी त्याला सगळं नीट सोपवून द्यायचं ठरवलं, आणि सोपवायची एकच रीत मला येत होती. जहाजावर चीफ इंजिनियर उतरतो तेव्हा येणाऱ्यासाठी हँडओव्हर नोट लिहितो. त्यात जे चांगलं चालतं त्याबद्दल काही लिहायचं नसतं. कुठला पंप गळतो, कुठलं बेअरिंग तापतं, कशावर भर समुद्रात विसंबू नये, एवढंच. चांगल्या मशीनसमोरची जागा कोरी राहते आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

मी तशीच नोट पंधरा मुलींची लिहिली. कुणी डाव्या हाताने कच्ची, कुणी हरायला लागलं की बोलणं बंद करते. नागपूरच्या मुलीसमोर मी लिहिलं: "डावा गुडघा जुना अधू. दुसऱ्या हाफमध्ये भरवसा ठेवू नये." ती बाकीच्या चौदा जणींपेक्षा चेंडू चांगला पास करायची, ते लिहिलं नाही. लिहिताना हात थांबला नाही, हे मला आज सर्वात जास्त खुपतं. काम चोख केल्याचं समाधान होतं.

त्याच सुट्टीत, नागपूरची घरी गेलेली असताना, नियमाचा वाद निघाला. कॉलेजांच्या स्पर्धेच्या समितीपुढे प्रस्ताव आला की एका संघात परदेशी विद्यार्थिनी दोनच असाव्यात. आमच्याकडे तीन होत्या. बैठकीला मी जुना कोच म्हणून गेलो आणि विद्यार्थिनींची प्रतिनिधी म्हणून कॅप्टन. वातानुकूलित वर्गात, दुपारी, तीस-चाळीस लोक होते. एक गृहस्थ म्हणाले की इथल्या मुलींना संधी मिळायला हवी. दुसरे म्हणाले, मग बाहेरच्या मुलींनी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या का?

कॅप्टन उठली. ती बोलायला भिणारी मुलगी. सामन्याआधी संघाला दोन वाक्यं सांगतानाही लाल व्हायची. ती म्हणाली की आमच्यातल्या या तिघी आमच्याच हॉस्टेलात राहतात, आमच्याच परीक्षा देतात, पहाटे आमच्याबरोबर धावतात. मग मोजताना वेगळ्या का? त्यातली एक माझी रूममेट आहे, असंही म्हणाली. खाली बसल्यावर तिने माझ्यापुढचा पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला.

नियम झाला नाही. वर्षभर पुढे ढकलला, आणि पुढे झाला तरी आधीपासून संघात असलेल्यांना लागू नाही, असं ठरलं. बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही, असंही सगळ्यांना बजावलं गेलं.

जुलैत नव्या संघाची यादी लागली. मलेशियाच्या दोघी होत्या. नागपूरची नव्हती. मी नव्या कोचला फोन केला. तो माझ्यावर खूष होता. "अंकल, तुमची नोट फार उपयोगी पडली," तो म्हणाला. "गुडघा अधू असेल तर मी जागा अडवून ठेवत नाही."

मी तिची बाजू घेऊन भांडू शकलो असतो. भांडायला गेलो असतो तर गुडघा लिहून दिला कुणी, हे उघडं पडलं असतं. मी "ओके" म्हणून फोन ठेवला.

रविवारी ती आली. जेवली नाही. तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि ती खेळली असती तर घरून आईवडील पहिल्यांदा विमानात बसून सामना बघायला येणार होते. पासपोर्टही काढून झाले होते.

"नियमामुळे ना, काका? दोनच ठेवायच्या होत्या म्हणून?"

मी म्हणालो, "हं."

"ती होती ना बैठकीत? काय म्हणाली ती?"

इथे मी सगळं सावरू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण तिने तुझ्या बाजूने भांडून नियम थांबवला, असं सांगितलं असतं तर लगेच दुसरा प्रश्न आला असता: मग मी बाहेर कशी? म्हणून मी मोठ्या माणसाचा आवाज काढला आणि म्हणालो, "बैठकीतलं बाहेर बोलू नये, बेटा."

"समजलं," ती म्हणाली.

आठवड्याभरात तिने खोली बदलून घेतली. मंडळींमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. चीड आणणारी गोष्ट होती, आणि सगळ्यांनाच परक्या देशात कधी ना कधी असं काही सोसावं लागलं होतं. लोक तिच्या बाजूने उभे राहिले. ते चांगलेच वागले. फक्त दोष दिला तो चुकीच्या मुलीला.

एका दुपारी कॅप्टन माझ्या ऑफिसखाली कॉफीशॉपमध्ये येऊन थांबली.

"अंकल, ती माझ्याशी बोलत नाही. मी काय केलं? तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती."

"मी बोलतो," मी म्हणालो.

तिने मला थँक्यू म्हटलं आणि माझ्यासाठी आणलेला नूडल्सचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. आईने दिला होता. मी तो घरी नेला.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं, कारण डबा बघून तिने विचारलंच. तिने डबा ओट्यावर ठेवला.

"तुम्ही तिचा गुडघा लिहून दिलात?"

"कोचला माहीत असायला हवं होतं."

"मग तिला सांगून लिहायचं होतं. माझ्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं तिने ते." मग म्हणाली, "मी नाही सांगणार तिला. तुमच्या हातून झालंय, तुम्हीच निस्तरा."

मी पुढच्या रविवारी सांगणार होतो. मग परीक्षेनंतर. मग ती नोकरी लागून परत निघाली तेव्हा चांगी विमानतळावर. तिथे कॅप्टन आली होती. काचेच्या दारापाशी, बरीच लांब, हातात कागदी पिशवी घेऊन. नागपूरच्या मुलीने तिला पाहिलं आणि पाठ फिरवून बायकोच्या पाया पडली, मग माझ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तसाच ठेवून मी तिला वळवू शकलो असतो. मी "सुखी राहा" म्हणालो.

निवृत्तीनंतर आम्ही भारतात परतलो; बायको जाऊन आता तीन वर्षं झाली. ती असेपर्यंत या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही, पण दर दिवाळीला नागपूरहून फोन आला की ती रिसीव्हर माझ्या हातात द्यायची आणि समोर बसून राहायची. मी हवापाण्याचं बोलायचो.

गेल्या महिन्यात मीच फोन केला. ती आता पन्नाशीची आहे. मी सगळं सांगितलं. नोट, बैठक, नवा कोच, कॉफीशॉप. माझं संपल्यावर ती म्हणाली, "गुडघा खराबच होता, काका. तुम्ही खोटं नाही लिहिलं."

"पण तू ते घरी सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली. "ते घरी सांगितलं होतं."

ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. मग विचारलं, "ती माझ्यासाठी उठून बोलली? ती? तिला तर दुकानात वस्तू बदलून मागायची पण लाज वाटायची."

"बसल्यावर माझा ग्लासभर पाणी एका दमात प्यायली."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माझ्या लग्नाची पत्रिका तिने मागवली होती कुणाकडून तरी. मी पाठवू दिली नाही."

त्यानंतर ती कॅप्टनला शोधायला लागली. मुलाच्या मदतीने, कंप्युटरवर, जुन्या संघातल्या कुणाकुणाला विचारत. काल निरोप आला: नंबर मिळाला. कॅप्टन सेंगकांगला राहते, तिच्या मुली मोठ्या झाल्या आहेत. खाली लिहिलं होतं, "दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय तोंडाने बोलू? काका, आधी तुम्ही करता का?"

मी करतो म्हणून कळवलं. तिथे सकाळी दहा वाजता करायचा, म्हणजे आपले साडेसात. नंबर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवला आहे. सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत.