दसऱ्याला धुतलेला काचेचा गोळा

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच. ही वही मी कोणाला दाखवत नाही. पण पुढेमागे कोणाच्या हाती पडलीच, तर चुका सांभाळून घ्याव्या.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेतली भांडी धुते. तिथे शेंदूरजनाघाटची एक मुलगी संशोधन करायची. भट्टीत काचेचा पोकळ गोळा ठेवून त्यात गॅस आणि हवा सोडायची. ज्योत न पेटता गॅस आतल्या आत किती वेगाने जळतो, ते मोजायची. गॅस आधी बराच वेळ नुसताच बसून राही. मग ती कसल्याशा औषधाची थोडी वाफ आत सोडायची, की जळणं सुरू होई. "मावशी, हे आपलं विरजण," म्हणायची.

दसऱ्याला आम्ही यंत्रं धुऊन पुजतो. गोळा आतून तपकिरी झाला होता. तीच म्हणाली, "मावशी, याले आरशासारखा करा. काळं तोंड घेऊन पूजेले बसवता का?" मी अ‍ॅसिडने लख्ख धुतला. हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आकडे जुळेनात. गॅस तोच, उष्णता तीच; विरजण कधी लवकर लागे, कधी लागतच नसे.

तिच्या सरांनी गोळा उजेडात धरला. "कोनं धुतला?"

मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "मीच सांगितलं, सर."

"अर्धा खेळ काचीच्या अंगावर होते, बाई. घरी मायले विचार, नवा तवा पयल्या दिवशी भाकर सोडते का?"

तिची स्कॉलरशिप संपत आली होती. गोळ्यावर पुन्हा तसाच थर बसेपर्यंत मागच्या आकड्यांशी नवे जुळणार नव्हते. ती सामान बांधायला लागली. "मी गावाले जातो, मावशी. झालं माझं."

मी कोणाशी फारशी बोलत नाही. त्या दिवशी भिशीचे पैसे तिच्यासमोर ठेवले आणि कसंबसं म्हटलं, "तवा बसते पुन्हा, ताई. खोलीचं भाडं भरा."

ती राहिली. रोज गोळ्यात गॅस जाळत राहिली. काच हळूहळू पिवळसर झाली, मग तपकिरी. एका दुपारी आकडा जुन्या आकड्यावर येऊन बसला. ती टेबलावर डोकं टेकून रडली. मी नळ सोडून भांडी धूत राहिले.

आता ती अकोल्याच्या कॉलेजात शिकवते. पगारातून थोडे थोडे पैसे पाठवायची. काल स्वतःच आली. आधी भट्टीपाशी गेली.

"यंदा दसऱ्याले धुतला नाई ना?"

"बाहेरून पुसला फक्त."

ती हसली नाही. गोळ्यावर क्षणभर हात ठेवला, मग उरलेले पैसे माझ्या ओंजळीत दिले. सगळे फिटले.