आईची बाटली

माझी ताई तीस वर्षं म्हातारपणावर संशोधन करते आहे, आणि म्हातारी सांभाळते मी. हे मी तिला चारचौघांत ऐकवलेलं आहे. ती हसून म्हणते, "कामं वाटून घेतलीत आपण." वाटून कसलं डोंबल! माझ्या वाट्याला शिलाई मशीन, आई आणि आईच्या गोळ्या. तिच्या वाट्याला प्रयोगशाळा.

तिथे तिला मोजणीबाई म्हणतात. रोज सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती पेशी मोजते. माणसाच्या कातडीतल्या पेशींना बाटलीत ठेवून खाऊपिऊ घातलं, तर एकीच्या दोन, दोनच्या चार होतात. पण असं पन्नासेक वेळा झालं की त्या थकतात. मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. त्या का थकतात आणि हा थकवा लांबवता येतो का, एवढ्या एका प्रश्नापायी ताईचं लग्न राहिलं आणि मान कायमची वाकली.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिने आईच्या दंडावरची तिळाएवढी कातडी काढून नेली. त्यातून वाढवलेल्या पेशी म्हणजे 'आईची बाटली'. मधली बरीच वर्षं त्या गोठवून ठेवल्या होत्या. मग ताईने नवं पोषक द्रव्य तयार केलं, त्यात त्या पुन्हा वाढवल्या, आणि बारा वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडून त्या साठ, सत्तर, नव्वदपर्यंत गेल्या. लेख छापून आला, ताईचं नाव झालं. दुसऱ्या कुणाला ते जमेना, तेव्हा ती म्हणायची, "त्यांचा हात बसलेला नाही अजून." आईला तर कोण कौतुक! ताई घरात शिरली की पहिला प्रश्न, "माझ्या कशा आहेत गं?"

"मजेत आहेत," ताई म्हणायची.

यंदा ताईच्या निवृत्तीला दोन महिने उरले. बाटली पुढच्या माणसाच्या हवाली करायची तर पेशी कुणाच्या याची तपासणी लागते. तिने आईच्या गालातून कापूस फिरवून नेला. एक्क्याण्णव वर्षांची आई परीक्षा दिल्यासारखी रोज विचारायची, "लागला का निकाल?"

निकाल लागला. बाटलीतल्या पेशी आईच्या नव्हत्याच. त्याच खोलीत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी होत्या, आणि त्या जात्याच थकत नाहीत. त्यातली चुकून एखादी दुसऱ्या बाटलीत पडली तरी ती बाकीच्यांना मागे टाकून सगळी बाटली व्यापते.

त्या दुपारी ताई बारा वर्षांपूर्वीची वही घेऊन माझ्या मशीनपाशी येऊन बसली. एका पानावर तिच्या अक्षरात होतं: 'बावन्न. थकल्या.' खाली दुसऱ्या दिवशीची नोंद: 'बहिणीचा फोन, आई पडली. उरकून निघाले.' आणि दोन आठवड्यांनी: 'सावरल्या!' वरचं 'थकल्या' मागाहून खोडलेलं.

"उरकून," ती म्हणाली. "प्रत्येक जातीच्या पेशींना द्रव्याची वेगळी बाटली, हा नियम मीच सगळ्यांना शिकवते. त्या दिवशी घाईत द्रव्याची एकच बाटली दोन्ही जातींना वापरली असणार. मग त्यांचं रूप पालटलं, ते माझ्या द्रव्याचा गुण समजले मी."

तो फोन मीच केला होता. "मी जरा थांबून फोन केला असता तर?"

"वेडी आहेस का? आई पडली होती." मग वही मिटून म्हणाली, "खोडलं मी ना. तुला काय करायचंय?"

विभागप्रमुखांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, दोन महिने राहिलेत. बाटली फेकून द्या, सत्कार घ्या आणि घरी जा. कशाला उकरून काढता?" मला विचाराल तर मीही हेच म्हटलं असतं. बारा वर्षांचं नाव माणूस असं आपल्या हाताने पुसतो का? ताईने लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चार ओळींना चार दिवस लागले. पाठवून आली तेव्हा जिना चढताना दोनदा थांबली.

"आईला सांगू नकोस," मी दारातच बजावलं. "त्या बाटलीवर जगतेय ती."

"रोज विचारते गं. खोटं बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो."

ती आईच्या पलंगावर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. आईला दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे माझ्या कधीच थकल्या होत्या?"

"हो आई. बारा वर्षांपूर्वी. बावन्नाव्या वेळी."

आईने नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता रडते. मी पाणी आणायला उठले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "त्या तिकडे नव्वद वेळा उड्या मारतायत आणि मी दोन पावलं टाकली की बसते. बारा वर्षं लाज वाटायची मला. वाटायचं, मीच अंग चोरतेय."

ताईने आईची उशी सारखी केली आणि चपला न काढताच तिच्या शेजारी आडवी झाली. आईने आपल्या पांघरुणातलं अर्धं तिच्या अंगावर टाकलं.