दाराआडची मेंबरीण

मी वकील होऊन वर्ध्याला आलो तेव्हा तिथे वकिलांची काही टंचाई नव्हती. टंचाई अशिलांची होती, आणि माझ्यापुरता तर दुष्काळच होता. तरी रोज सकाळी काळा कोट चढवून मी घराच्या पुढच्या खोलीत बसायचो. नागपूरला कायदा शिकलो होतो ना, त्यामुळे वऱ्हाडी बोलायची लाज वाटायची. आईनं जेवायला हाक मारली की मी "येत आहे" असं पुस्तकातलं उत्तर द्यायचो. आई म्हणायची, "घरात त माणसावानी बोल रे बाप्पा!"

अशात एक दिवस पुलगावकडच्या एका गावचा शेतकरी आला. अंगानं किरकोळ, बोलायला भिडस्त. त्याच्या बायकोची गावच्या शाळा कमिटीतली मेंबरी काढून घेतली होती आणि त्यावर त्याला अपील करायचं होतं. शहरातल्या मोठ्या वकिलांनी नको म्हटलं होतं, कारण कमिटीचा अध्यक्ष त्यांच्या बैठकीतला माणूस. म्हणून तो माझ्याकडे आला. हे त्यानं मला तोंडावर सांगितलं, आणि मी मात्र माझी कीर्ती पुलगावापर्यंत पोचली असं समजून बसलो.

आपण तेव्हा अजून जुन्या मध्यप्रदेशात होतो. प्रत्येक शाळा कमिटीत एक तरी बाई घ्या, असा वरून हुकूम आला होता. गावानं या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दिलं. ती चौथी शिकलेली होती हे एक कारण. दुसरं असं की अध्यक्ष तिचा सख्खा भासरा होता. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. त्याच्यासमोर धाकट्याच्या बायकोनं पदर ओढून घ्यायचा, तो बसला त्या दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसायचं नाही, आणि त्याच्या कानावर आपला आवाज जाऊ द्यायचा नाही. म्हणजे बाई घेतल्यासारखंही होईल आणि बाईचा त्रासही होणार नाही, असा गावाचा हिशेब.

पण हिशेब चुकला. शाळेला दोन खोल्या होत्या, दुसऱ्या खोलीत मुलींचा वर्ग भरायचा. कापसाचा हंगाम आला तसा भासऱ्यानं आपला कापूस त्या खोलीत भरायला काढला आणि हंगाम संपेपर्यंत मुलींना सुट्टी असा ठराव मांडला. बाईनं विरोध केला. लगेच तिला चिठ्ठी आली की आपण लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिलात, सबब कायद्याप्रमाणे मेंबरी गेली.

"आमची पोरगी चौथीत हाय," नवरा म्हणाला. "सुट्टी दिली का समद्या पोरी वेचणीले जातीन. अन् एकदा पोरगी वेचणीले लागली का मंग शाळेत काई येत नाई जी. हिची मेंबरी राह्यली तरच वर्ग राह्यते."

मी मान डोलावली आणि विचारलं, "विरोध केला तो कसा केला?"

"तेच त सांगून राह्यलो साहेब. ते दाराआड..."

"ते राहू द्या," मी हात वर केला. "बैठकीची नोटीस कोणी दिली आणि कोणाच्या हातात दिली, तेवढं सांगा."

वाहवा! काय तो माझा थाट! मला वाटलं, नाही गेली असेल बाई बैठकीला, बायका कुठं जातात. खटला नोटिशीवर जिंकायचा असं मी मनात पक्कं केलं होतं. माणूस बिचारा आणखी दोनतीनदा आला, दरवेळी "पन ते दाराआड" पर्यंत पोचला आणि दरवेळी मी त्याला नोटिशीवर परत आणलं. बाईला घेऊन या, असं काही मला सुचलं नाही. बायकोचा खटला नवऱ्याशी बोलूनच चालवायचा असतो, अशी माझी ठाम समजूत होती. कायद्याच्या कोणत्या पुस्तकात ते वाचलं होतं, देव जाणे.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत गर्दी होती. अपील ऐकणारे साहेब थकलेले, डोळे अर्धे मिटलेले. समोरचे वकील म्हातारे होते, सुपारी कातरत बसले होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमच्या नवरोबाला मी विचारलं, "बाई आल्या का?" त्यानं दाराकडे बोट केलं. मी पाहिलं, मला दाराशिवाय काही दिसलं नाही. म्हटलं, येतील मागून.

भासरा साक्षीला उभा राहिला. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. बाई एकाही बैठकीला नव्हती, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मास्तरांनी लिहिलेली हजेरी पुढे केली. दरीवर जो बसला तो हजर, अशी त्यांची रीत, आणि दरीवर बाई कधीच नव्हती. मग मी उठलो. कोट सारखा केला.

"बैठकीची सूचना तुम्ही स्वतः बाईंना दिली होती काय?"

"मी कसा देईन?"

"का बरं?"

"मी भासरा होय तिचा."

"म्हणजे तुमचं तिच्याशी बोलणं होत नाही?"

"राम राम राम!" त्यानं कानाला हात लावला. "सून होऊन आली तवापासून तिचा आवाज माह्या कानावर नाई. आमचं घर गावाच्या या टोकाले, त्याईचं त्या टोकाले. आमच्या घरान्यात तशी रीतच नाई साहेब."

मी विजयी नजरेनं साहेबांकडे पाहिलं. हे लिहून घ्यावं, अशी विनंती केली. त्यांनी लिहून घेतलं. "म्हणजेच," मी आवाज चढवला, "ज्या अध्यक्षाचं मेंबराशी बोलणंच नाही, त्यानं सूचना दिली हे शक्य नाही!"

म्हाताऱ्या वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सावकाश एक कागद पुढे सरकवला. सूचना गावच्या कोतवालानं घरोघर नेली होती. त्यावर बाईची सही होती, चांगली ठसठशीत, चौथी शिकलेली. नोटीस संपली, आणि तिच्याबरोबर माझा खटलाही संपला. एवढ्या माणसांत मी तोंड उघडं टाकून उभा होतो आणि मला खरोखर रडू येईल असं वाटत होतं.

मग मी ते केलं जे घाबरलेला वकील करतो. दयेची याचना. "साहेब, माझी अशील तिन्ही बैठकांना गैरहजर होती हे मी मान्य करतो. परंतु ती एक अडाणी, परावलंबी स्त्री असून..."

"मी होती!"

आवाज दाराबाहेरून आला. खणखणीत.

"तिन्ही बैठकीले होती मी! दाराआड बसून होती!"

सगळी कचेरी दाराकडे वळली. दारात कोणी दिसेना, फक्त उंबऱ्याशी हिरव्या लुगड्याचा काठ. आणि मी, कायद्याचा पदवीधर, तिचा वकील, जोरात ओरडलो, "कोण आहे ती बाई? काम चालू आहे, कळत नाही? पट्टेवाले, गप्प बसवा तिला!"

आमचा नवरोबा कपाळाला हात लावून खाली बसला. पट्टेवाला उठला. तेवढ्यात भासराच म्हणाला, अगदी सहज, माझी कीव आल्यासारखा, "वकीलसाहेब, ते आमच्या लहान्याची बायको होय. तुमचीच अशील."

साहेबांचे डोळे पूर्ण उघडले. "तुम्हाला ती दिसते का तिथून?"

"नाई जी."

"मग ओळखली कशी?"

"आवाजावरून."

मी मध्येच म्हणालो, "साहेब, क्षमा असावी, बाईला कोर्टाची रीत ठाऊक नाही, मी तिला ताबडतोब..."

"वकीलसाहेब," साहेब म्हणाले, "तुम्ही जरा खाली बसता का? तुमचा खटला आता कुठं बरा चाललाय."

मी बसलो. साहेबांनी मघाशी लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. सून होऊन आली तेव्हापासून आवाज कानावर नाही. "मग हा आवाज तुम्ही ओळखता कसा? ऐकला कुठं?"

म्हाताऱ्या वकिलांनी डोळे मिटले. भासऱ्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा पुसलं. घरी ऐकला म्हणावं तर घराण्याची रीत घरातच मोडली असं चारचौघांत कबूल करायचं. तेवढं काही त्याच्यानं झालं नाही.

"शाळेत," तो म्हणाला. "बैठकीत. आधी मास्तरजवळ निरोप सांगे. मंग कापसाची गोष्ट निंगाली, अन् मास्तर काई बोलला नाई, त दाराआडून आपनच बोलली."

"काय बोलली?"

"कापूस आपल्या घरी ठेवा म्हने."

हसण्याचा असा लोट उठला की साहेबांनाही रुमाल तोंडावर धरावा लागला. मलाही हसू आलं, कारण सगळे हसत होते. नेमकं काय झालं ते मला साहेब निकाल सांगू लागले तेव्हा कळलं. बैठकीत बोललेला मेंबर गैरहजर कसा? मेंबरी कायम.

बाहेर लिंबाखाली म्हाताऱ्या वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय जाळं लावलंस रे पोरा! आधी रीत वदवून घेतली, मग बाईला दाराआडून बोलायला लावलं!" मी नुसता हसलो. त्या एका खटल्यावर माझी वकिली उभी राहिली, आणि लोक मला डोकेबाज समजू लागले. अजूनही समजतात.

बाई मात्र माझ्याशी बोलली नाही. पदर ओढून ती बैल जुंपलेल्या दमणीत जाऊन बसली. नवरा म्हणाला, "घाईत हाय जी ते. खोली खाली कराची हाय." मग जरा घुटमळला. "साहेब, तुमच्याकडं आलो तवा दरवेळी संगच होती ते. तुमच्या ओसरीवर, दाराआड. तुमी कोटाचं टोक सावरत दोनदा तिच्या बाजूनं गेले."

महिन्याभरानं त्यांनी मला गावी बोलावलं. मुलींच्या खोलीत वर्ग भरला होता, भिंतींना अजून कापसाचे पुंजके चिकटलेले. पलीकडे बैठक होती, मला मानानं दरीवर बसवलं. भासरा दाराकडे न बघता म्हणाला, "लिवा मास्तर. सून हजर."

दाराआडून आवाज आला, मास्तरांना उद्देशून, रीतीप्रमाणे.

"मास्तर, वकीलसाहेबाले इचारा. आता तरी माहा आवाज ओळखू येते का म्हना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. भासरासुद्धा. मला पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना.

"ओळखू येते, बाई," मी म्हणालो. "सांगा, तुमचं काय म्हननं हाय?"