तिच्या नावाची फी

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायला मी अकोल्याहून अमरावतीला गेले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. शिकायची फार हौस होती असं नाही. ज्या संस्थेच्या कुटुंब समुपदेशन केंद्रात मी बरीच वर्षं काम करत होते, तिथला नियम बदलला. समुपदेशक म्हणून कायम व्हायचं तर एमएसडब्ल्यू हवं, नाहीतर मदतनीस म्हणून राहा. भांडत आलेल्या नवराबायकोला समजवायचं मी आणि सही करायची कालच कॉलेजातून आलेल्या मुलीने, हे मला परवडणारं नव्हतं. पगाराच्या दृष्टीने तर नाहीच.

नवरा डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. मुलाच्या इंजिनीअरिंगने घरातली शिल्लक संपवली होती. पहिल्या सत्राची फी गल्लीतल्या बायकांनी भिशी आधी मला देऊन भागवली. दुसऱ्या सत्राचं काय, ते माहीत नव्हतं. शिष्यवृत्तीच्या कुठल्याच खान्यात मी बसत नव्हते. फी नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, फॉर्म नाही तर वर्ष वाया, आणि संस्था पुन्हा बिनपगारी रजा देणार नव्हती. म्हणजे हे सगळं एकदाच होणार होतं किंवा होणार नव्हतं.

अमरावतीत वर्गातल्या दोन पोरींबरोबर एका खोलीत राहायचे आणि शेजारच्या मेसमध्ये जेवायचे. मेसवाल्या बाईंनी एकदा पोळी वाढता वाढता विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर हायेत ना?"

"आहेत. अकोल्याला आहेत."

"मंग एका घरी सवाष्ण म्हणून जाता का जेवाले? दक्षिणा चांगली देतेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण पित्तराची हाय. कोनी तयार होत नाही."

एका म्हाताऱ्या कापडवाल्याची बायको त्याच्याआधी गेली होती. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी वर्षभर दर महिन्याला, तिच्या तिथीला, एक सवाष्ण जेवू घालतात. ती सवाष्ण म्हणजे त्या दिवसापुरती गेलेली बाईच. पूर्वी शेजारपाजारच्या बायका आनंदाने जायच्या. आता कोणाची नोकरी असते, कोणाला शुगर असते, आणि मेलेल्याच्या पाटावर बसायला बाकीच्या भितात. मी भीत नव्हते. फुकटचं पुरणाचं जेवण आणि वर दक्षिणा, यात भिण्यासारखं काय आहे?

भर दुपारी गेले. घर दुमजली, स्वच्छ, खालच्या खोलीत कूलरचा घरघराट. स्वयंपाक म्हाताऱ्याच्या बहिणीने केला होता. ती चांदूर बाजारहून त्यासाठी मुद्दाम यायची. बाई काटक, तोंडाने फटकळ. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली आणि त्या क्षणापासून ती माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागली.

"वयनी, कढी घ्या. वयनी, वडा घेता काय आणखी? असं लाजता काहून?"

म्हातारा समोर खुर्चीवर बसला होता. तो जेवला नाही, बोलला नाही. मी काय खाते आहे तेवढं बघत होता. कारल्याची भाजी मी जन्मात खाल्लेली नव्हती. पानात वाढलेलं टाकायचं नाही म्हणून पाण्याबरोबर गिळली.

उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि म्हटलं, "बरं, येते."

"ये," म्हातारा म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो एकच शब्द.

दुसऱ्या महिन्यात मी जायच्या आधीच बहिणीने बजावून ठेवलं होतं की पहिल्यांदा जी बसली तीच वर्षभर बसते, मध्ये बाई बदलत नाहीत. जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "काय शिकता म्हने तुमी?"

मी सांगितलं.

"फी किती?"

मी तीही सांगितली. लाजण्यात अर्थ नव्हता, फॉर्मची मुदत जवळ आली होती.

तो आत गेला आणि कापडाच्या दुकानातली जुनी पिशवी घेऊन आला. पिशवीत दुसऱ्या सत्राच्या फीएवढे पैसे होते. "दक्षिणा समजा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, पाटाकडे बघून बोलला, "तिले कॉलेजात जायचं होतं. लगन झाल्यावर म्हने, फी भरा माही. मी म्हनलं, दुकानात कोन बसन? मंग ते राह्यलं. आता भरून रायलो."

बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "भाऊ, त्या बाईले कशाले सांगता?"

"बाईले नाही सांगून रायलो," म्हातारा म्हणाला.

मी पैसे घेतले आणि फी भरली. वर्गात तेव्हा शोकाच्या अवस्था शिकवत होते. माणूस गेलेल्याशी राहिलेला व्यवहार पुरा करू बघतो, हे मी उत्तरपत्रिकेत उदाहरणासकट लिहिलं. उदाहरण कुठून आणलं ते शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला जात राहिले. तिसऱ्या सत्राची फीही त्याच पिशवीतून आली. तिथी कधी सोमवारी यायची, कधी क्षेत्रकार्याच्या दिवशी. मी वस्तीतली भेट उरकून ऑटोने जायचे. म्हातारा केव्हातरी 'तुमी' सोडून 'तू' म्हणायला लागला. मग 'अवं' म्हणायला लागला. पंख्याच्या खाली बसून मला दुकान विकल्याची, दाढ काढल्याची, शेजाऱ्याने नाली बुजवल्याची हकिगत सांगायचा. मी 'हं' म्हणायचे. केंद्रात हेच करायचे, इथे निदान जेवण होतं.

ओटीत पहिल्यांदा खण होता, मग साडी आली, मग साडीबरोबर गेलेल्या बाईचं शिवलेलं ब्लाउज. माझा एक खांदा उतरता आहे. माझी शिलाईवाली प्रत्येक ब्लाउज दोनदा उसवते आणि तरी ते मानेकडे चढतं. ते ब्लाउज खोलीवर घालून बघितलं. चपखल बसलं, उतरत्या खांद्यासकट. माझ्यासारख्या खांद्याच्या बायका जगात असणारच, असं म्हणून घडी घालून ठेवून दिलं.

सुट्टीत अकोल्याला गेले होते. नवरा संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "हे कारलं कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुह्यासाठी? तू कारलं पाहून नाक मुरडते."

मी कढईकडे बघितलं. बाजारात कारली निवडून घेतली होती, चिरली होती, मीठ लावून पिळली होती, आणि हे सगळं होईपर्यंत मला काही वेगळं वाटलं नव्हतं. "वय झालं की चव बदलते," मी म्हटलं.

"मेसवालीनं बाटवली तुले," तो हसून म्हणाला आणि दोन फोडी त्याने खाल्ल्या.

मग अमरावतीच्या घरात पुरणयंत्राची दांडी सापडेना. बहीण मांडणी उपसत होती, भांडी आपटत होती, म्हाताऱ्यावर चिडत होती. मी पाटावर बसले होते. बसल्या जागेवरून म्हटलं, "जात्याच्या मागे बघा ना, कोनाड्यात."

दांडी तिथेच होती.

बायका असल्या वस्तू कुठे ठेवतात ते बायकांना कळतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी त्या घराच्या मागच्या खोलीत कधी गेले नव्हते. तिथे जातं आहे हेच मला माहीत असायचं कारण नव्हतं. म्हाताऱ्याला नवल वाटलं नाही. तो बहिणीला म्हणाला, "मले इचारत बसते. तिले इचार ना."

त्या दिवशी बहीण मला सोडायला फाटकाबाहेर आली. रस्त्यावर आल्यावर तिचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला.

"बाई, तू शिकलेली हाय. एक गोष्ट समजते काय तुले? तू उठताना दरखेपी 'येते' म्हनते."

"मग? सगळेच म्हणतात. 'जाते' कोण म्हणतं?"

"जित्या मानसानं म्हनू नाही. पण पित्तर म्हनून जेवली त्या बाईनं 'जाते' म्हनावं. तिले जाऊ द्याचं असते ना! मी पह्यल्या महिन्याले सांगनार होती, भाऊनं सांगू देलं नाही."

"तुमच्या भावाचा काय फायदा त्यात?"

"एमे करून रायली अन् हे इचारते?"

ती पुढे म्हणाली, वर्ष भरेल त्या दिवशी तरी नीट म्हण. चपला घाल, मागे वळू नको, 'जाते' म्हण आणि नीघ. माझी हरकत नव्हती. पण शेवटच्या सत्राची फी भरायची राहिली होती आणि वर्षश्राद्ध त्या मुदतीच्या तोंडावर येत होतं. मी दुसरीकडे प्रयत्न केले. संस्थेने आगाऊ पगार नाकारला. पतसंस्थेने दोन जामीनदार मागितले, एकच मिळाला. नवऱ्याने मालकाकडे शब्द टाकला तर मालक हसला म्हणे, या वयात बायकोला काय कलेक्टर करतो?

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा म्हातारा दारातच उभा होता. बहीण आत होती. तो हळूच म्हणाला, "फी काढून ठेवली हाय. नेहमीसारखंच म्हनजो."

काय म्हणायचं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

जेवताना मी ठरवून टाकलं. 'जाते' म्हणायचं. फीचं पुढे बघू, संस्थेच्या दारात जाऊन बसू. एखाद्याच्या मेलेल्या बायकोला अडकवून ठेवून पदवी घ्यायची नाही, इतपत माझी अक्कल शाबूत होती. म्हाताऱ्याला त्या दिवशी बोलायचं नव्हतं. तो नुसता बसला होता, इस्तरी केलेला सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखा.

उठले. हात धुतले. बहिणीने शेवटचं कुंकू लावलं आणि भुवयांनी खूण केली. मी चपला घातल्या, पाठ फिरवली, तोंड उघडलं.

"येते हं," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. कुठल्याही घरून निघताना जे तोंडात येतं तेच आलं. नंतर मी स्वतःला हजारदा हेच सांगितलं आहे. पण 'हं' मी कधी लावत नाही. आमच्याकडे कोणीच लावत नाही.

बहिणीने हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवून दिलं. "झालं," ती म्हणाली. "घ्या आता."

म्हातारा लगबगीने उठला. त्या वयाच्या माणसाने इतक्या चटकन उठू नये. पिशवी माझ्या हातात देताना त्याचे हात गरम होते. "ये," तो म्हणाला. "ये हो."

मी पैसे परत करायला हवे होते असं कोणाला वाटेल. मी सरळ कॉलेजात गेले, खिडकी बंद व्हायच्या आत फी भरली आणि परीक्षेचा फॉर्म दिला.

वर्ष संपलं होतं, मला कोणी बोलावणार नव्हतं. तरी पुढच्या महिन्याच्या तिथीला मीच गेले. माझा हिशेब साधा होता. चूक माझ्या तोंडून झाली तर दुरुस्तीही त्याच तोंडाने करावी. उंबऱ्यात उभं राहायचं, मोठ्याने 'जाते' म्हणायचं आणि सुटायचं.

दार म्हाताऱ्याने उघडलं, तेही अर्धंच. त्याच्या हातात वाढायचा चमचा होता. माझ्याकडे त्याने मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"कोन पायजे?"

"मी... जेवायला यायची ती."

"हो हो. बाई," तो पुन्हा 'तुमी'वर आला होता. "तुमी कशाले तरास घेतला? आता गरज नाही." मग ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू बोला. जेवून रायली ती."

त्याच्या खांद्यावरून मला खोलीचा तुकडा दिसत होता. पाट, पाटासमोर पान, पानात वाढलेलं. कूलर बंद होता, घर अगदी शांत होतं. पाटावर कोणी नव्हतं. पण पानातला अर्धा भाग रिकामा होता, आणि कारल्याच्या जागी फक्त तेलाचा डाग उरला होता.

मी 'जाते' म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याचा काही उपयोग असेल असं तेव्हाच वाटलं नाही, कारण ते आता माझ्याबद्दलच होतं. तो "बरं" म्हणाला आणि दार लावलं. आतून त्याचं बोलणं ऐकू आलं, समजावणीच्या सुरात. "फी भरली हाय. तू पेपराचं पाय."

त्यानंतर मला कारलं खाववलं नाही. ब्लाउज घालून बघितलं तर खांद्यावरून घसरत होतं. मी अभ्यास केला, प्रबंध दिला, परीक्षा दिली. हॉलमध्ये बसून सगळी उत्तरं मी लिहिली, माझ्या हाताने. निकाल लागला तेव्हा अकोल्यात होते. पहिला वर्ग. संस्थेने महिन्याभरात कायम केलं. आता सही माझी असते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारहून फोन आला. म्हाताऱ्याची बहीण. अभिनंदन वगैरे तिने केलं नाही.

"भाऊनं काल पूर्‍या गल्लीत पेढे वाटले," ती म्हणाली. "घरोघरी गेला. बायको पास झाली म्हने. पह्यल्या नंबरात." मग तिने विचारलं, "तुहा निकाल लागला काय गं?"

"लागला."

"मंग?"

"पास झाले."

तिने फोन ठेवून दिला. नवरा पायात चपला घालून दारात उभा होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत. "पेढे किती आनू?" त्याने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "वाटून झालेत."