दोन कर्णांच्या बाई

टेंभुर्णीच्या भर बाजारात आमच्या भूमितीच्या बाई एकदम ओरडायच्या, "सापडला!" लोकांना वाटायचं, चोर सापडला. बाईंना सापडलेला असायचा समांतरभुज चौकोन! कधी शंकरपाळ्यांच्या ताटात, कधी खिडकीतून फरशीवर पडलेल्या तिरप्या उन्हात. गावानं त्यांचं नाव 'चौकोनबाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि चक्क आवडायचं.

नववीत माझं घोडं एका शब्दावर अडलं. बाई म्हणाल्या, "समांतरभुज चौकोनाला दोन कर्ण असतात." मी उठले आणि ठणकावून सांगितलं, "बाई, कर्ण एकच व्हता. कुंतीचा." वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी तर टाळ्याच पिटल्या. "बराबर हाय तुझं! पण हे दोघं येगळे. एकमेकाला मधोमध कापतेत. पटत न्हाई? मंग उद्या मोज!"

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांच्या डोक्यावरून बाजेचा नुसता सांगाडा वर्गात आला. विणलेला नव्हता, सांधे खिळखिळे. समोरासमोरच्या कोपऱ्यांना सुतळ्या लावून आम्ही मोजलं; सांगाडा काटकोनात होता तोवर दोन्ही कर्ण सारखेच भरले. बाई नाचत होत्या, "अजून ढकल! अजून!" सांगाडा पार कलला, एक कर्ण लांबला, एक आखडला, तरी दोघं एकमेकांना बरोबर मधोमधच कापत राहिले. इतका आनंद मला जत्रेतही कधी झाला नव्हता.

दहावी झाली आणि आप्पा म्हणाले, "बास झालं शिक्षण." बाई तडक घरी आल्या. आप्पा अंगणात नव्या खोलीचा पाया आखत होते. "पुढं शिकून काय करंल ही? हे बघा, समोरासमोरच्या बाजू बिलकुल बराबर. मी कुठं शाळंत गेल्तो?"

बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी दोरी घेऊन दोन्ही कर्ण मोजले. एक हातभर लांब भरला.

"आप्पा, ही खोली न्हाई. शंकरपाळं हाय."

आप्पांनी स्वतः पुन्हा मोजलं. खुंट्या उपटल्या, सरकवून पुन्हा ठोकल्या आणि मान वर न करता विचारलं, "बाई, कॉलेजसाठी हिला जाफराबादला ठिवावं लागंल, का रोज यष्टीनं जमंल?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "यष्टीनं!"

जूनमध्ये बाईंची बदली झाली. स्टँडवर त्यांची गाडी आणि माझी कॉलेजची पहिली गाडी एकदमच लागल्या. मी त्यांची ट्रंक उचलायला धावले, तर त्यांनी माझा दंड धरून मला माझ्याच गाडीत ढकललं.

"माझी गेली तर दुसरी येईल. चढ जल्दी!"

बाईंची गाडी खरंच निघून गेली. ट्रंकेवर बसून त्या मला हात हलवत राहिल्या.